भयाच्या साथीत सापडलेला संशोधक

प्लेगने हादरलेल्या मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी या रोगावरची पहिली परिणामकारक लस तयार केली. पुढच्या सहा वर्षांतच पंजाबातील एका खेड्यात झालेल्या १९ मृत्यूंचे खापर त्यांच्या माथी फुटले. ते निर्दोष असल्याचे सिद्ध होण्यास आणखी पाच वर्षे लागली. साथीपेक्षा साथीचे भय किती अन्याय करू शकते, याचा धडा म्हणून त्यांचे चरित्र आजही वाचण्याजोगे आहे.

भायखळा, माझगाव आणि कॉटन ग्रीन यांच्यामध्ये वसलेला घोडपदेवचा परिसर हा गिरण्या आणि गोदी यांच्या आधाराने वाढलेल्या जुन्या मुंबईचा एक तुकडा. येथून उत्तरेकडे निघाले, की लालबाग ओलांडून परळ येते आणि आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची भव्य वास्तू दिसते. दुसऱ्या बाजूला भायखळ्याचे कारागृह आहे आणि त्याच्याही पलीकडे ग्रँट मेडिकल कॉलेज. घोडपदेवच्या रहिवाशांच्या नित्याच्या येण्याजाण्यातल्या या तीन ठिकाणी, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एक मोठा प्रयोग पार पडला. सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओचे डोस यांमुळे हाफकिन हे नाव मराठी माणसाला परिचित झाले. तथापि त्या नावामागचा माणूस मात्र बहुतेकांना अपरिचितच राहिला.

ओडेसातील तरुण

वाल्देमार मॉर्डेकाई हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. विद्यार्थिदशेतच या तरुणाला जमावाच्या उन्मादाचे पहिले दर्शन घडले. मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. कटात सामील असलेल्यांपैकी एक स्त्री ज्यू होती. तेवढे निमित्त पुरले. झारला ज्यूंनी मारले, अशी आवई उठली आणि दक्षिण रशियातील गावोगावी ज्यूंची घरे व दुकाने फोडली जाऊ लागली. ओडेसाही त्यातून सुटले नाही.

हाफकिन तेव्हा ज्यूंच्या स्वसंरक्षण पथकात होते. एका ज्यू घराचे रक्षण करताना ते जखमी झाले आणि वर त्यांनाच अटक झाली. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका होऊ शकली. पुढे विद्यापीठात अध्यापकाचे पद हवे असेल, तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात मिळेल त्या जागेवर काम करीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग १८८९ मध्ये पॅरिस. मेचनिकॉव्ह तोवर लुई पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले होते. तेथे या शिष्यासाठी संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथपालाची होती. हाफकिन यांनी ती पत्करली आणि ग्रंथालयाच्या कामातून उरणारा वेळ प्रयोगशाळेत घालविला.

त्या काळी पटकीने युरोप आणि आशिया यांना सारखेच ग्रासले होते. पटकीच्या जंतूंपासून लस तयार करण्यात हाफकिन यांना यश आले आणि १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. माणसावर प्रयोग करायचा तर पहिला माणूस आपणच असावे, हा नियम त्यांनी पुढेही पाळला. लसीची परीक्षा व्हायची, तर पटकी जेथे दरवर्षी थैमान घालते त्या देशात जायला हवे होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्याच्या वस्त्यांत लस टोचायला गेलेल्या या परक्या माणसाचे स्वागत आरंभी दगडांनी झाले. तेव्हा पोलिसांना बोलाविण्याऐवजी हाफकिन यांनी सोबतच्या देशी डॉक्टरांना सर्वांसमक्ष लस टोचली. लोकांनी ते पाहिले आणि हळूहळू काही जण पुढे आले. भयाला धाक दाखविला तर ते वाढते आणि डोळ्यांसमोर पुरावा ठेवला तर ते ओसरू लागते, हे त्यांना तेव्हाच कळले असावे.

मुंबईत प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातील रुग्णांना गाठीचा प्लेग झाल्याचे निदान केले. धान्याची कोठारे, उंदीर, दाटीवाटीच्या चाळी आणि अपुरी सांडपाण्याची सोय, सगळेच रोगाच्या पथ्यावर पडले. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाख असलेली मुंबई पाहता पाहता रिकामी होऊ लागली. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्म्या मुंबईने कोकण, देश आणि गुजरातची वाट धरलेली होती. गिरण्या ओस पडल्या.

रोग कशामुळे होतो हे तेव्हा फारसे कोणालाच ठाऊक नव्हते. पिसवांची भूमिका पुरती स्पष्ट व्हायला पुढची दहा वर्षे जायची होती. कारण ठाऊक नसले, की भय माणसे शोधू लागते. युरोपातही तसेच घडले होते. १३४८-४९ च्या महामारीत ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची अफवा पसरली आणि स्ट्रासबुर्गसारख्या शहरांत शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. त्याच समाजात जन्मलेला एक माणूस साडेपाचशे वर्षांनी त्याच रोगावर उपाय शोधायला मुंबईत येत होता, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

मुंबईतही अफवांना ऊत आला होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे गोरे डॉक्टर माणसांच्या देहातून मोमियाई काढतात, असे बोलले जाई. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. या जमावाला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सरकारनेही भयापोटीच पावले टाकली होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला. घरांत घुसून झडत्या, स्त्रियांची तपासणी, रुग्णांची बळजबरीने रवानगी, कपड्यालत्त्यांची होळी, हे सारे त्या कायद्याच्या आधारे सुरू झाले. पुण्यात त्याचा कडेलोट होऊन २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि गोळीबारात माणसे मेली. लोक सरकारला भीत होते आणि सरकार लोकांना.

एक खोली आणि एक कारागृह

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रसात तूप वा तेल यांचे थेंब सोडून त्यावर प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने मारून त्यांची लस करायची, अशी त्यांची पद्धत होती. हिंदूंच्या भावना लक्षात घेऊन गोमांस वापरायचे नाही, हेही पथ्य त्यांनी सांभाळले. तीन महिन्यांच्या अविश्रांत श्रमांनंतर, १० जानेवारी १८९७ रोजी, त्यांनी नेहमीच्या मात्रेहून बरीच मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. तरी काम थांबले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या कारागृहात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली आणि उरलेल्यांना दिली नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. कैद्यांची स्वेच्छा कितपत खरी असू शकते, हा प्रश्न आजच्या नीतिशास्त्राने अवश्य विचारावा. परंतु एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या दोन गटांची अशी तुलना त्या काळी दुर्मीळ होती आणि तिचा निष्कर्ष बोलका होता.

लस बंधनकारक करण्याऐवजी हाफकिन यांनी लोकांना पटवून देण्यावर भर दिला. तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी आपली एक वास्तू हाफकिन यांच्या कामासाठी दिली आणि अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. खोजा समाजातील हजारोंनी त्यांचे अनुकरण केले आणि त्या समाजातील मृत्यू लक्षणीय घटले. लस संपूर्ण संरक्षण देत नव्हती, टोचल्यावर तापही येई. पण ती माणसे वाचविते, हे दिसू लागले होते. १८९७ मध्ये सरकारने हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांना ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले.

वरवर पाहता हा कळस होता. पण सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेक गोऱ्या डॉक्टरांना हा माणूस सलत होता. जन्माने रशियन, धर्माने ज्यू आणि शिक्षणाने वैद्य नसलेला एक प्राणिशास्त्रज्ञ. त्याच्या हाताखाली आपण काम करायचे? अशा असूया शांततेच्या काळात दबून राहतात. संकट आले, की त्या न्यायाचा वेष घेतात.

मुलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. तेथील सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण हाती घेतले आणि परळकडे लसीची प्रचंड मागणी नोंदविली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी जंतुनाशक कार्बोलिक ॲसिड मिसळण्याची पायरी वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत अवलंबिली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही हीच पद्धत वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून मात्रा दिली गेली होती. आठवडाभरात त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकही वाचला नाही. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. एका खेड्यातील १९ घरांवर कोसळलेले हे दुःख अपार होते आणि त्याचा जाब मागितला जाणे न्याय्यच होते. प्रश्न होता तो जाब कोणाला विचारायचा, हा.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, दूषित झाली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपकाही हाफकिन यांच्यावर आला.

वस्तुतः आयोगापुढे आलेल्या पुराव्यातच वेगळे उत्तर दडलेले होते. बाटली उघडण्यासाठी वापरावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता कार्बोलिकच्या द्रावात खळबळवून वापरण्यात आला. जमिनीची माती हे धनुर्वाताच्या जंतूंचे नेहमीचे वसतिस्थान. शिवाय ती बाटली परळला भरल्यापासून उघडेपर्यंत ४१ दिवस लोटले होते. एवढे दिवस आत जंतू वाढत असते, तर बुच काढताच दुर्गंधी आली असती. टोचणाऱ्या डॉक्टरने नियमाप्रमाणे वास घेऊन पाहिला होता आणि त्याला काही जाणवले नव्हते. साठलेल्या विषाने रोगाची लक्षणेही कितीतरी लवकर दिसली असती. हे सारे कागदावर होते. पण लसीकरणाविषयी लोक बिथरले होते, सरकार गोंधळले होते आणि एक चिमटा हे उत्तर फार किरकोळ वाटत होते. एवढ्या मोठ्या भयाला तेवढाच मोठा गुन्हेगार हवा होता.

हाफकिन यांना बिनपगारी रजेवर पाठविण्यात आले आणि परळच्या प्रमुखपदावरूनही दूर करण्यात आले. लंडनला जाऊन त्यांनी दाद मागितली. लिस्टर संस्थेच्या तज्ज्ञांनी पुरावा तपासला, तेव्हा बाटली उघडताना दूषित झाली असण्याचाच संभव अधिक, असे मत पडले. तरीही सगळी कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला १९०६ ची अखेर उजाडली. आपल्यावरील आरोपाचा आधार काय, हे आरोपीला चार वर्षे पुरते कळू नये, याला न्याय कसे म्हणावे?

त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याची निर्दोष मुक्तता झाली होती. शत्रूला गुपिते विकल्याच्या खोट्या आरोपाखाली १८९४ मध्ये त्याला शिक्षा झाली होती आणि एका अख्ख्या राष्ट्राचे भय त्याच्या माथी मारले गेले होते. हाफकिन यांच्या प्रकरणाला पुढे छोटे ड्रायफस प्रकरण असे नाव पडले, ते उगाच नव्हे. फरक एवढाच, की ड्रायफसविरुद्ध रस्त्यावर घोषणा झाल्या, तर हाफकिन यांच्याविरुद्ध जे घडले ते कचेऱ्यांच्या बंद दारांआड, सभ्य इंग्रजीत लिहिलेल्या टिपणांतून घडले.

अपुरा न्याय

शेवटी वैज्ञानिकच त्यांच्या मदतीला धावले. मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे नोबेलविजेते रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स या दैनिकात पत्रे लिहून या अन्यायाला वाचा फोडली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात प्रसिद्ध झालेल्या पत्रावर रॉस यांच्यासह नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. विल्यम सिम्पसन यांनीही चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले आणि पुन्हा सेवेत घेतले.

मात्र परळ त्यांना परत मिळाले नाही. तेथे दुसरे अधिकारी होते. हाफकिन यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले आणि नव्या लसींच्या प्रत्यक्ष चाचण्यांची मोकळीक नाकारण्यात आली. ज्या माणसाने दोन महारोगांवर लस शोधली, त्याने उमेदीची उरलेली वर्षे टेबलाशी बसून काढली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते पॅरिसला परतले. शेवटच्या काळात ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. धर्माकडे त्यांचा ओढा वाढला आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणसंस्थांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते निवर्तले. ते आजन्म अविवाहित होते.

या अन्यायाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. मुलकोवालनंतर पंजाबातील लसीकरण मोहीम कोलमडली. लोकांचा विश्वास उडाला आणि तो परत मिळवू शकणारा माणूस सरकारने स्वतःच्या हाताने दूर केला होता. १९०७ या एकाच वर्षी देशभरात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे नेली आणि त्यांत पंजाबचा वाटा फार मोठा होता. लसीने त्यांपैकी किती वाचले असते, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. पण एकाही बळीला तिचा आधार उरू नये, अशी परिस्थिती भयानेच निर्माण केली होती.

हे सारे फार जुने झाले, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने पेटलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत एका विशिष्ट समाजाला रोगाचे वाहक ठरविण्यात आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिल्लीतील तबलिगी मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना, संकटकाळी बळीचे बकरे शोधण्याच्या प्रवृत्तीवर कठोर ताशेरे ओढले. त्याच काळात रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना शेजाऱ्यांनी घरात शिरू न दिल्याच्या घटनाही आपल्या शहरांत घडल्या. साधने बदलली, भयाची रीत तीच राहिली.

हाफकिन यांच्या चरित्रातून हाती लागते ते असे, की भयग्रस्त जमाव केवळ रस्त्यावर नसतो. आर्थर रोडवर दगड घेऊन आलेल्या गिरणी कामगारांचे भय आपण सहज ओळखतो. आयोगाच्या खुर्च्यांवर बसलेल्या विद्वानांचे भय ओळखणे अवघड असते, कारण त्याच्यावर सही आणि शिक्का असतो. पहिल्या जमावाने रुग्णालयाच्या काचा फोडल्या. दुसऱ्याने एका माणसाचे कार्य मोडले आणि एका प्रांताचा विश्वासही. दोहोंवर उतारा एकच होता आणि तो हाफकिन यांनी भायखळ्याच्या कारागृहात दाखवून दिला होता. दोन गट शेजारी ठेवायचे, मोजायचे, थांबायचे आणि मगच निष्कर्ष काढायचा. त्यांच्या लसीला लावलेली ही कसोटी त्यांच्यावरील आरोपाला मात्र कोणी वेळेवर लावली नाही.

१९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या दारातून त्यांना बाहेर काढले गेले होते, त्याच दारावर ते नाव लागले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुलकोवाल आज पाकिस्तानात आहे. तेथील १९ मृतांची नावे मात्र कोणत्याही संस्थेच्या दारावर नाहीत. खऱ्या कारणाचा शोध टाळून सोयीचा माणूस पकडला गेला, तेव्हा न्याय त्यांनाही मिळाला नव्हता.